संगणकातली खतावणी : डिस्क किती टिकते, नक्कल कुठे ठेवावी

बीडच्या बाजारपेठेत आज गल्ल्याशेजारी संगणक नाही असे मध्यम दुकान क्वचितच सापडेल. कापड असो, किराणा असो, भांडी असोत की हार्डवेअर. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि ज्यांनी आयुष्यभर लाल चोपडीशिवाय दुसरे काही हाताळले नव्हते त्यांनाही संगणक घ्यावा लागला. हिशेब मशीनमध्ये गेला हे बरेच झाले. बेरीज चुकत नाही, शिल्लक माल एका बटणावर दिसतो, रिटर्न भरताना रात्री जागाव्या लागत नाहीत. मात्र आमच्या वडीलधाऱ्यांनी चोपडीच्या बाबतीत जी खबरदारी घेतली ती मशीनच्या बाबतीत घेतली जाताना दिसत नाही. चोपडी कोणत्या कपाटात आहे हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. संगणकातला हिशेब नेमका कुठे असतो असे विचारले तर पुष्कळ व्यापारी बंधू पडद्याकडे बोट दाखवतात.

तो पडद्यात नसतो. तो असतो पेटीच्या आत बसवलेल्या हार्ड डिस्कमध्ये, आणि ही वस्तू समजून घेणे व्यापाऱ्याला मुळीच कठीण नाही. आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. मेजावरच्या संगणकात ही तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, लॅपटॉपमध्ये ५,४०० वेळा. मेजावरच्या मशीनमधील तबकडीच्या कडेचा वेग काढला तर तो ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतो. या धावत्या तबकडीवर लिहिणारे आणि वाचणारे हेड हवेच्या थरावर तरंगत असते, ते तबकडीला टेकत नाही. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर धरतात. हेड आणि तबकडी यांच्यामधले अंतर अवघ्या काही नॅनोमीटरचे असते. चालू मशीनला धक्का बसला, टेबल सरकवताना पेटी आपटली, तर हेड तबकडीला घासते आणि जिथे घासते तिथला मजकूर खरवडून जातो. मग तिथे कोणाची उधारी लिहिलेली होती हे कोणी सांगू शकत नाही.

अशी पहिली डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर होते आणि तिच्यात ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोच तेवढी जागा खातो. वस्तू लहान झाली, स्वस्त झाली, तिच्यात हजारो पट जास्त मावू लागले. पण फिरणारी मोटर, हलणारा हात आणि झिजणारे भाग हे जसेच्या तसे राहिले. शिलाई मशीनला तेल घालावे लागते, तिचा पट्टा बदलावा लागतो हे आपण जाणतो. डिस्क बंद डबीत असते, तिला तेल लागत नाही, म्हणून ती झिजतच नाही असा गैरसमज होतो.

शंभर वर्षांचा आकडा

डिस्कच्या माहितीपत्रकात कधी कधी दहा लाख तास असा आकडा छापलेला असतो. एका वर्षात ८,७६० तास असतात. म्हणजे हिशेब केला तर ११४ वर्षे होतात. हा आकडा पाहून कोणी निर्धास्त होऊ नये. त्याचा अर्थ असा नाही की एक डिस्क ११४ वर्षे चालेल. त्याचा अर्थ इतकाच की चांगल्या स्थितीतल्या एक हजार डिस्क एकदम चालवल्या तर साधारण एक हजार तासांत, म्हणजे दीड महिन्याच्या आत, त्यांपैकी एक बिघडण्याची अपेक्षा धरावी. हा ढिगाचा आकडा आहे, नगाचा नाही. ठाणामागे किती वार फाटके निघेल हे गिरणीवाला सांगू शकतो. तुमच्या हातातला वार फाटका आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

खरे आकडे मिळतात ते ज्यांच्याकडे डिस्कचे डोंगर आहेत त्यांच्याकडून. अमेरिकेतील बॅकब्लेझ ही कंपनी लोकांच्या माहितीच्या नकला सांभाळण्याचा व्यवसाय करते आणि आपल्या डिस्क किती मरतात हे प्रसिद्ध करते. २०१३ साली तिने सुमारे पंचवीस हजार डिस्कचा हिशेब मांडला. पहिल्या दीड वर्षात वर्षाला शंभरामागे पाच डिस्क गेल्या. त्यानंतरच्या दीड वर्षात हे प्रमाण शंभरामागे दीडपर्यंत खाली आले. तीन वर्षे उलटल्यावर मात्र ते वर्षाला जवळजवळ बारावर गेले. चार वर्षांच्या शेवटी शंभरातल्या सुमारे ऐंशी जिवंत होत्या, आणि निम्म्या डिस्क सहा वर्षांच्या आसपास संपतील असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे कारखान्यातूनच दोष घेऊन आलेल्या लवकर जातात, मग काही काळ शांततेचा, आणि त्यानंतर झीज आपले काम करू लागते.

नंतरच्या काळात डिस्क सुधारल्या. त्याच कंपनीकडे २०२४ मध्ये सुमारे तीन लाख डिस्क होत्या आणि वर्षाला शंभरामागे दीडच्या आसपास बिघडल्या. शंभरामागे दीड हा आकडा किरकोळ वाटतो. पण दोनशे संगणकांची बाजारपेठ घेतली तर दरवर्षी तीन दुकानांचा हिशेब जाणार, आणि ती तीन दुकाने कोणती हे आधी कोणालाच माहीत नसणार. शिवाय हे आकडे आहेत थंड केलेल्या, धूळ नसलेल्या, अखंड वीज असलेल्या दालनांतले.

आपल्या दुकानांची परिस्थिती वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. मे महिन्यात बीडचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. परळीला औष्णिक वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, तरी वीज जाणे-येणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. कापड दुकानात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे सुताचा भुगा. ठाण उलगडले की तंतू उडतात, ते पेटीच्या पंख्यात जाऊन बसतात आणि गादीसारखा थर तयार होतो. डिस्कच्या डबीत ते शिरत नाहीत, तिला गाळणी असते. पण पंखा अडला की सगळी पेटी तापते आणि वीज पुरवणारा भाग आधी जातो. तो जाताना कधी कधी डिस्कचा सर्किट बोर्डही घेऊन जातो. दोन महिन्यांतून एकदा मशीन बंद करून आतला भुगा काढावा, यूपीएस वापरावा, आणि दुकानाला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे. यूपीएस आहे एवढे पुरत नाही. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते आणि तो डबा नुसता शोभेला उरतो. वीज गेल्यावर यूपीएसच्या दहा मिनिटांत मशीन रीतसर बंद करायचे असते. त्या वेळात आणखी चार बिले काढत बसणे म्हणजे मिळालेली मोहलत वाया घालवणे होय.

एसएसडी नावाची नवी डिस्क आता बहुतेक संगणकांत येते. तिच्यात काहीच फिरत नाही, ती वेगवान असते, धक्का सहन करते. आमच्या मते दुकानाच्या कामाला तीच घ्यावी. पण ती अमर नाही. तिच्या चिपवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा आहे, आणि ती जाते तेव्हा बहुधा आवाज न करता, सूचना न देता जाते. सकाळी शटर उघडावे आणि मशीनने डिस्कच नाही असे सांगावे, असा प्रकार होतो. वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवली तर तिच्यातला भार हळूहळू ओसरतो. पेनड्राइव्हचीही जात तीच, आणि माल बहुधा हलका. तेव्हा एसएसडी किंवा पेनड्राइव्ह कपाटात टाकून दहा वर्षांची निश्चिंती मिळत नाही.

फिरणारी डिस्क मात्र पुष्कळदा इशारा देते. एरवी क्षणात उघडणारी फाइल उघडायला मिनिट लागते, मशीन मध्येच गोठते, पेटीतून टक-टक असा ठरावीक आवाज येतो. डिस्क स्वतःही आपल्या तब्येतीची नोंद ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरने ती वाचता येते. निळ्याऐवजी पिवळा रंग दिसला की नवी डिस्क मागवावी. गुगल कंपनीने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क मरण्याची शक्यता बिनचूक डिस्कच्या ३९ पट असते असे त्यात दिसले. त्याच अभ्यासात असेही दिसले की मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही खूण आधी दाखवली नव्हती. म्हणून इशारा मिळाला तर शुक्र मानावे, पण इशाऱ्याच्या भरवशावर बसू नये.

नेमके काय बुडते

डिस्क गेली तर काय जाते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या धंद्याप्रमाणे करावा. सगळेच जात नाही. खरेदीची बिले पाठवणाऱ्या व्यापाऱ्याकडे असतात आणि जीएसटीच्या पोर्टलवरही दिसतात. नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेली ठोक विक्री रिटर्नमध्ये बिल नंबरासह गेलेली असते. बँकेचा उतारा बँक देते. माल दुकानात असतो, तो मोजता येतो. परंतु किरकोळ ग्राहकाची विक्री पोर्टलवर बेरजेने जाते, नावाने जात नाही. गावोगावच्या माणसांना दिलेली उधारी तुमच्या मशीनशिवाय जगात दुसऱ्या कुठेही लिहिलेली नसते.

आणि बीड जिल्ह्यातली उधारी ही काही पंधरा दिवसांची नसते. येथील कितीतरी घरे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. लग्नसराईत कापड नेले जाते, पैसे येतात मुकादमाकडून उचल मिळाली की, किंवा कापूस-सोयाबीन विकले की. सहा-आठ महिन्यांची उधारी ही या बाजाराची रीत आहे आणि दोन्ही बाजूंची गरज आहे. इतक्या काळात घेणाऱ्याला आकडा आठवत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. नोंद गेली तर प्रामाणिक गिऱ्हाईकही किती द्यायचे हे विचारणारच, आणि अंदाजाने सांगितलेल्या रकमेवरून वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्याला साक्षीदार असावेत ही ताकीद आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. जकातीचा हिशेब काढतानाही शिल्लक माल आणि येणे यांचे आकडे लागतात, ते याच खात्यांतून निघतात.

कारागिरांची गोष्ट वेगळी दिसते पण तीच आहे. भरतकामाच्या संगणकीय मशीनवर काम करणाऱ्याची खरी पुंजी म्हणजे त्याने बसवलेल्या डिझाइनच्या फाइली. मशीन कर्जाने पुन्हा घेता येते, पाच वर्षांत बसवलेली बुट्टी पुन्हा बसवायला पाच वर्षे लागतात. फ्लेक्सवाले, पत्रिका छापणारे, फोटो स्टुडिओवाले यांचेही तसेच. लग्नाचे फोटो गेले तर ते लग्न परत लावता येत नाही.

जुन्या पद्धतीत या संकटाचा इलाज पद्धतीतच होता. आधी कीर्दीत रोजच्या रोज लिहायचे, मग खतावणीत नावावर चढवायचे. खतावणीला वाळवी लागली तर कीर्दीवरून ती पुन्हा उतरवता येई. मेहनत पडे, पण नाव बुडत नसे. एकच व्यवहार दोन चोपड्यांत, आणि पुष्कळ घरांत एक चोपडी दुकानी तर दुसरी घरी. संगणकात कीर्द आणि खतावणी एकाच डिस्कवर असतात. गेली तर दोन्ही एकदम जातात. पूर्वी जे आपोआप होत होते ते आता मुद्दाम करावे लागते, आणि त्यालाच बॅकअप म्हणतात.

तीन प्रती, आणि एक बाहेर

या विषयातील जाणकारांनी एक सोपा दंडक सांगितला आहे. तो रूढ करणारा माणूस, पीटर क्रोग, छायाचित्रकार होता, म्हणजे आपल्यासारखाच हातावर पोट असलेल्या धंद्यातला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरून जोडायच्या डिस्कवर, तिसरी घरी किंवा इंटरनेटवर. लहान दुकानाच्या काही वर्षांच्या हिशेबाला जागा फारच थोडी लागते, साध्या पेनड्राइव्हमध्येही तो मावतो. बाहेरची चांगली डिस्क घेतली तरी लग्नाच्या एका बऱ्या शालूएवढा खर्च येतो.

दुसऱ्या जागेचे महत्त्व बीडकरांना समजावे लागू नये. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला आलेल्या पुराने शहरातल्या नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या आणि माणसे दगावली. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांबरोबर आपला जिल्हाही पाण्याखाली सापडला. मूळ आणि नक्कल एकाच टेबलाच्या खणात असतील तर पाण्याला दोन्ही सारखीच. आगीचेही तसेच. २१ जून २०१२ रोजी मुंबईत खुद्द मंत्रालयाला आग लागली, पाच जणांचे प्राण गेले आणि वरच्या मजल्यांवरच्या फायलींची राख झाली. त्यानंतर सरकारने फायली स्कॅन करून ठेवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. चोर आला तरी तो संगणक नेताना शेजारी ठेवलेली डिस्क मागे ठेवून जाईल असे मानण्याला आधार नाही.

प्रत बाहेर असण्याबरोबर ती सुटी असणेही आवश्यक आहे. याचे उदाहरण मोठे आहे आणि त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विषाणू संगणकांच्या जाळ्यातून जगभर पसरला. मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीचे संगणक तासाभरात निकामी झाले. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्यांच्या गटाचे टर्मिनल आहे, तेथील कामही ठप्प झाले. कोणत्या संगणकावर कोणाला प्रवेश आहे याची मूळ नोंदवही कंपनीने जगभरातल्या सुमारे दीडशे सर्व्हरवर ठेवली होती. सर्व सर्व्हर एकमेकांशी सतत जोडलेले, एकात बदल झाला की सगळ्यांत होणार. एक गेला तर बाकीचे आहेत असा हिशेब होता. विषाणूने सगळे एकदम पुसले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो बंद होता. तेथील माणसाने डिस्क घेऊन नायजेरियापर्यंत विमानाने प्रवास केला, तिथून दुसऱ्याने ती इंग्लंडला नेली आणि तिच्यावरून कंपनी पुन्हा उभी राहिली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले. पंचवीस-तीस कोटी डॉलरचा फटका बसला असे कंपनीनेच सांगितले. वीज गेल्याबद्दल आपण रोज बोटे मोडतो. तिथे ती गेली म्हणून कंपनी तरली.

म्हणून बॅकअपची डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवू नये. नक्कल घेतली की काढावी. कुलूप घालून खंडणी मागणारे विषाणू आता लहान दुकानांतही शिरतात, अनोळखी ई-मेलमधल्या बिलाच्या नावाखाली येतात, आणि जोडलेली प्रत्येक डिस्क बिघडवतात. दुसरे असे की रोज त्याच फाइलवर नवी नक्कल चढवू नये. आज हिशेब बिघडला आणि ते तुम्हाला आठवड्याने कळले, तर तोपर्यंत बिघडलेल्या हिशेबाने चांगली नक्कल पुसून टाकलेली असते. वारांच्या नावाने फोल्डर करावेत, सोमवारची नक्कल सोमवारात, मंगळवारची मंगळवारात. शिवाय महिनाअखेरची वेगळी आणि ३१ मार्चची कायमची. टॅलीप्राइम वापरणाऱ्यांनी ऑल्ट आणि वाय ही बटणे दाबून बॅकअप निवडावा, जागा दाखवावी, पाच मिनिटांचे काम आहे. हे काम एका माणसाकडे ठरवून द्यावे, कारण सगळ्यांचे काम म्हणजे कोणाचेच नाही.

इंटरनेटवर नक्कल ठेवण्याची सोय, ज्याला क्लाउड म्हणतात, चांगली आहे. पूर, आग आणि चोरी यांतून ती वाचवते. पासवर्ड मात्र मजबूत असावा आणि मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची दुहेरी कडी लावावी. पण तेवढ्याच एका आधारावर राहू नये. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीडमध्ये संचारबंदी लागली तेव्हा इंटरनेटही बंद ठेवण्यात आले होते; ज्याचा हिशेब फक्त क्लाउडवर, त्याला तो त्या काळात आपलाच हिशेब दिसणार नाही. मोबाइलवरील उधारीच्या ॲपचे खाते मोबाइल नंबराला बांधलेले असते. नंबर बदलला किंवा रिचार्जअभावी गेला तर काय करायचे हे आधीच पाहून ठेवावे आणि महिन्यातून एकदा सगळ्या खात्यांची पीडीएफ काढून घ्यावी.

आणि कागदाला अजून तोड नाही. महिनाअखेरीस येणे बाकीची यादी छापावी. गाव, नाव, रक्कम, शेवटची जमा कधी. चार-सहा पाने होतात. ती घरी ठेवावीत. विषाणू त्यांना लागत नाही आणि वाचायला वीज लागत नाही.

नक्कल घेतली यावर समाधान मानू नये, ती उघडून पाहावी. अमेरिकेतील पिक्सार या चित्रपट कंपनीत १९९८ साली टॉय स्टोरी २ या चित्रपटाच्या फाइली चुकून पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो बरेच दिवस नीट होतच नव्हता आणि कोणी तपासला नव्हता. गॅलिन सुस्मन या तेथील कर्मचारी बाई बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती म्हणून चित्रपट वाचला. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर, भावाच्या दुकानात किंवा कर सल्लागाराकडे, आपली नक्कल पुन्हा चढवून पाहावी. शेवटचे बिल दिसते का, चार ओळखीच्या खात्यांची बाकी जुळते का, एवढे पाहिले तरी पुरे.

कायद्याचाही भाग यात आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. २०२४-२५ या वर्षाच्या वार्षिक रिटर्नची तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती, म्हणजे त्या वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत दाखवता आला पाहिजे. १ एप्रिल २०२४ रोजी फाडलेले बिल पावणेआठ वर्षे सांभाळायचे आणि ज्या डिस्कवर ते आहे तिचे वय बहुधा त्याहून कमी. नियमावलीचा नियम ५७ तर स्पष्टच सांगतो की संगणकीय हिशेबाचा योग्य बॅकअप ठेवला पाहिजे, जेणेकरून अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने हिशेब नष्ट झाला तर तो वाजवी मुदतीत पुन्हा उभा करता यावा. आमची डिस्क जळाली हे उत्तर अधिकाऱ्यापुढे पुरेसे ठरणार नाही.

इतके करूनही डिस्क गेली आणि ताजी नक्कल नसली तर काय करावे? आधी मशीन बंद करावे. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये, टक-टक करणारे हेड प्रत्येक वेळी आणखी थोडे खरवडते. डबी उघडू नये. आपल्या हवेतला धुळीचा एक कण त्या अंतरापुढे डोंगराएवढा असतो. दुरुस्तीवाल्याकडे देताना पहिले वाक्य हे सांगावे की आतला हिशेब पाहिजे, मशीन नंतर. आमच्या पाहण्यात असा प्रकार आला आहे की दुकानदाराने मशीन चालत नाही एवढेच सांगितले, कारागिराने फॉरमॅट मारून नवे विंडोज टाकले आणि मशीन झकास चालू करून दिले, आत काहीही नव्हते. त्याने सांगितलेले काम केले होते. डिस्कवरून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळा पुण्या-मुंबईत आहेत. त्या धूळविरहित खोलीत डबी उघडतात, पैसे बरेच घेतात आणि खात्री देत नाहीत. पण फॉरमॅट मारलेली, उघडलेली, चार ठिकाणी फिरवलेली डिस्क त्यांच्याकडे नेली तर उरलेली आशाही संपते.

घरातल्या आणखी एका माणसाला पासवर्ड आणि नकलेची जागा माहीत असावी. मालक आजारी पडला किंवा त्याचे निधन झाले तर वारसांनी आधी देणी फेडायची असतात, आणि देणी-येणी ज्या मशीनमध्ये आहेत ते त्यांना उघडताच येत नाही अशी वेळ येते. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, दुकानाच्या कागदपत्रांबरोबर घरी ठेवावा.

जुनी डिस्क भंगारात देण्याआधीही थोडे थांबावे. फाइली पुसल्या तरी त्या पुष्कळदा परत काढता येतात. तिच्यात गिऱ्हाइकांची नावे, फोन नंबर, कोणाकडे किती बाकी, कोणाची बाई कोणाच्या नावावर कापड नेते, हे सगळे असते. चालू असेल तर तिच्यावर सगळीकडे नवे लिहून जुने पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने ती साफ करावी. बंद पडलेली फिरणारी डिस्क असेल तर सुताराकडून ड्रिलने तबकड्यांना आरपार तीन-चार भोके पाडून घ्यावीत. एसएसडी असेल तर तिच्या आतल्या चिपच फोडाव्या लागतात, कडेला पाडलेल्या भोकाने काम होत नाही.